उडायचं वजन

एमलिन नसताना एमलिनचा वाढदिवस कसा करायचा, यावर प्राइस कुटुंबात तीन आठवडे खल चालला होता. मुलगा हेफिन म्हणत होता, समुद्राकाठच्या हॉटेलात जेवायला जाऊ. एमलिनची थोरली बहीण बेती म्हणत होती, आधी प्रार्थना, मग कबर, मग जेवण, आणि तेही घरचं, कारण हॉटेलवाल्यांच्या हाताला चव नसते. एमलिनची बायको ग्लेनिस काहीच म्हणत नव्हती. शेवटी एका रविवारी भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "मला ग्वेनोला बघायचंय." आणि खल संपला.

ग्वेनो म्हणजे एमलिनची ससाणी, बहिरी ससाणा जातीची मादी. एमलिन टपाल वाटायचा, पण ते पोटासाठी. जीव होता तो शिकारी पक्ष्यांत. पस्तीस वर्षांत पाच पक्षी त्याच्या हातावर बसले, उडाले आणि परत आले. ग्वेनो त्यांतली शेवटची. जायच्या आठवडाभर आधी त्यानं तिला डोंगरापलीकडच्या शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात रिआनकडे देऊन टाकलं. रिआन तिथली मुख्य. विशीत असताना ती एमलिनकडेच शिकायला यायची.

देऊन टाकलं असं सगळे म्हणत. ग्लेनिसच्या मनात मात्र ते तसं नव्हतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात हेफिनला म्हणाली होती, "आजारी माणूस आणि पक्षी, माझ्याच्यानं दोन्ही होणार नाही बाबा. त्या पक्ष्याचं काहीतरी बघ." दार उघडं होतं आणि एमलिनची खाट दारापलीकडेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः रिआनला फोन लावला. त्या बोलण्याचा त्यानं एका शब्दानं उल्लेख केला नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

त्यानंतर सहा दिवसांनी ग्लेनिसनं बटाट्याचं आणि कांद्याच्या पातीचं सूप केलं. एमलिनला ते फार आवडायचं. तिनं चमचा त्याच्या ओठांशी नेला, तेव्हा त्यानं तोंड फिरवलं, खिडकीकडे, जिथून ग्वेनोची परसातली रिकामी खोली दिसायची. "नको, ग्लेनिस," एवढंच म्हणाला. दोन रात्रींची जागी होती ती. तिनं वाडगा आपटला आणि म्हणाली, "मग मी रांधते कुणासाठी?" पहाटे एमलिन गेला. त्या "नको"नंतर त्यांचं बोलणं झालं नाही. पक्षी घालवल्याचा राग त्यानं मरेपर्यंत सोडला नाही, असं ग्लेनिसनं मनाशी पक्कं धरलं होतं आणि दहा महिने ते ती कुणाला बोलली नव्हती. बोलणार तरी कसं?

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सँडविचसाठी पाव काढायला तिनं फ्रीजरचा खालचा कप्पा ओढला, आणि वाटाण्याच्या पाकिटामागे एक पिशवी हाताला लागली. एमलिननं आणून ठेवलेली कोंबडीची पिल्लं, एका दिवसाची, पिवळी, गोठून कडक झालेली. सहा होती. चार तिनं परत ठेवली. दोन बशीत काढली आणि झाकली.

पस्तीस वर्षं ग्लेनिसनं हे केलं होतं. रात्री पिल्लं बाहेर काढायची, सकाळपर्यंत मऊ होऊ द्यायची. मात्र पक्ष्याला भरवायची परवानगी तिला कधी नव्हती. रोज सकाळी एमलिन पक्ष्याला तराजूवर बसवायचा, आकडा वहीत लिहायचा आणि त्यावरून त्या दिवशीचा घास ठरवायचा. उडायचं वजन म्हणजे त्याच्या लेखी देवाचा शब्द. पोट भरलेला पक्षी परत येत नाही, येण्याचं त्याला कारणच नसतं.

"बिचारीला उपाशी ठेवतोस," ती म्हणायची.

"उपाशी नाही गं. भुकेली. फरक आहे," तो म्हणायचा. हा संवाद त्यांच्यात इतक्या वेळा झाला होता की शेवटी शेवटी नुसतं "बिचारी" म्हटलं तरी तो "फरक आहे" म्हणून पुढे जायचा.

शनिवारी सकाळी हेफिनची गाडी निघाली. पुढे हेफिन आणि बेती, मागे ग्लेनिस आणि हेफिनची चौदा वर्षांची लेक कादी, कानांत इयरफोनची बोंडं घालून बसलेली. ग्लेनिसच्या मांडीवर पर्स होती आणि पर्सच्या तळाशी लोण्याच्या जुन्या डब्यात ती दोन पिल्लं.

"पर्स डिकीत टाकू का, आई?"

"राहू दे."

"कोहिनूर आणलाय तिनं," बेती म्हणाली. "आणि तू जरा हळू चालव. मी ब्याऐंशी वर्षं जगले ती या वळणावर मरायला नाही."

केंद्रात पोचले तेव्हा अकरा वाजले होते. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नव्हता. रिआन धावत भेटायला आली. चाळिशीची, घोगऱ्या आवाजाची, केसांत गवताची काडी. तिनं ग्लेनिसला घट्ट मिठी मारली. "अडीच वाजता उडवते तिला. खास एमलिनसाठी. सकाळीच वजन केलंय, नऊशे दहा ग्रॅम, अगदी त्याच्या वहीतलं. तुम्ही हिरवळीवर जाऊन बघा तिला. दोरीच्या आत गेलात तरी चालेल, तुम्ही घरच्याच." आणि ती पळाली, कारण बर्मिंगहॅमहून एक बस भरून माणसं येणार होती आणि तिचा मदतनीस आजारी होता.

बाकीचे चहाला गेले. ग्लेनिस म्हणाली, मी येतेच.

हिरवळीवर आठ-दहा पक्षी आपापल्या लाकडी ठोकळ्यांवर बसले होते, पायांत चामड्याच्या वाद्या. ग्वेनो शेवटच्या ठोकळ्यावर होती. पाठ पाटीच्या दगडासारखी निळसर, छातीवर बारीक काळ्या रेघा. ग्लेनिस दोन हात अंतरावर जाऊन उभी राहिली. ग्वेनोनं मान वळवली, तिच्याकडे पाहिलं आणि परत डोंगराकडे पाहू लागली. ओळख ना पाळख. आणि मग तिला दिसली ती छाती. मधलं हाड पिसांखालून वर आलेलं. दिसलं म्हणा, की तिला तसं बघायचंच होतं म्हणा. एमलिनही शेवटी असाच झाला होता, अंघोळ घालताना हाताला नुसती हाडं लागायची.

"बिचारी," ती म्हणाली. "फरक आहे" म्हणायला कुणी नव्हतं.

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि डबा उघडला. पहिलं पिल्लू ठोकळ्याच्या कडेला ठेवलं. ग्वेनोनं ते पायाखाली दाबलं, फाडलं आणि खाल्लं. पिवळी पिसं वाऱ्यावर उडाली. ग्लेनिसनं दुसरं ठेवलं. तेही गेलं. दहा महिन्यांत आपल्या हातचं कुणी इतक्या ओढीनं खाल्लं नव्हतं, आणि ते बघताना ग्लेनिसला अगदी आतून, लाज वाटावी इतकं बरं वाटलं. उडायचं वजन तिला आठवलं नाही असं नाही. दोन पिल्लांनी काय होतंय, असं ती स्वतःला म्हणाली. पस्तीस वर्षं त्या तराजूशेजारी राहिलेल्या बाईनं असं म्हणावं, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

बाकावर बसून त्यांनी सँडविचं खाल्ली. म्हणजे बाकीच्यांनी खाल्ली. ग्लेनिस चहाच घेत होती.

"तुझ्या बाहीला पिवळं काय लागलंय गं?" बेतीनं विचारलं.

"अंडं असेल."

"अंडं उडतं होय?" बेती म्हणाली, पण तेवढ्यात कादीनं शेवटचा केकचा तुकडा उचलला आणि बेतीचं लक्ष तिकडे गेलं.

अडीचला मैदानाभोवती दीडशे माणसं जमली. आधी घुबड उडालं, मग एक घार उडायलाच तयार होईना, वेळ गेला, माणसं चुळबुळू लागली. रिआन एकटीच धावत होती. घाईघाईत तिनं ग्वेनोला ठोकळ्यावरून उचललं, डोळे झाकणारी चामड्याची टोपी घातली आणि मैदानात आणलं. "ही एमलिन प्राइस यांची ग्वेनो," ती माइकवर म्हणाली. "आज त्यांचा वाढदिवस. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलं." हेफिननं नाक शिंकरलं. रिआननं टोपी काढली आणि हात उंचावला.

ग्वेनो गेली ती सरळ वर. दोन घिरट्या घेतल्या, तिसरीला आणखी उंच. रिआननं दोरीला बांधलेला चामड्याचा पंखवाला गोळा, म्हणजे आमिष, गरगर फिरवायला सुरुवात केली आणि शीळ घातली. तो गोळा दिसला की ग्वेनो दगड टाकल्यासारखी खाली येई, हे ग्लेनिसनं हजारदा पाहिलं होतं. ग्वेनोनं खाली पाहिलंसुद्धा नाही. ती वाऱ्यावर कलली, ओढ्यापलीकडे गेली, जुन्या खाणीच्या कड्यावर एक ठिपका झाली आणि तिथे बसली.

रिआननं आणखी पाच मिनिटं गोळा फिरवला. मग माइक खाली ठेवला.

खाण बंद पडून चाळीस वर्षं झालीत. पाटीच्या दगडाचे ढीग उतारावर पसरलेत आणि त्यांच्या वर दोनशे फूट काळा कडा. ग्वेनोच्या शेपटीला अडकवलेल्या इवल्या यंत्रानं जागा सांगितली होती, आणि दुर्बिणीतून ती दिसतही होती, एका कपारीत. तिघं जण चढून गेले, रिआन, हेफिन आणि ग्लेनिस. बेतीला कादीवर लक्ष ठेवायला गाडीत बसवलं. म्हणजे उलट, पण बेतीला तसं सांगितलं.

रिआन हाका मारून मारून दमली. गोळ्याला ताजं मांस बांधलं, तरी वरून काही हालचाल नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काय झालं कळत नाही. आजारी असेल. नाहीतर माझा तराजू बिघडलाय. या कड्यावर रानटी ससाण्यांची जोडी राहते, ग्लेनिस. त्यांनी पाहिलं तर हिला फाडून टाकतील. रात्रीच्या आत वर दोर लावून कुणाला तरी उतरवायला हवं."

आता हेफिनच्यानं राहवेना. "दहा महिने. दहा महिने सांभाळता आली नाही तुला! बाबांनी जिवापाड जपलेला पक्षी, आणि तू सर्कशीसारखा नाचवतेस, बसभर माणसांपुढे. त्यांनी विश्वास टाकला होता तुझ्यावर."

रिआन खाली मान घालून दोरी गुंडाळत राहिली. "खरंय," ती म्हणाली. "माझीच चूक आहे. आज मालकांना सांगते. ते ठेवतील असं वाटत नाही, आणि मीही राहणार नाही. ज्याला वजन कळत नाही त्यानं पक्ष्याला हात लावू नये."

ग्लेनिस गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण समोर रिआन त्या दोरीच्या गुंडाळ्या घालत होती, अगदी एमलिनसारख्या, अंगठ्याभोवती.

"मी खाऊ घातलं तिला," ग्लेनिस म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं.

"सकाळी. दोन पिल्लं. घरून आणली होती. एमलिननं ठेवलेली." ती भराभरा बोलू लागली. "मला ती रोड दिसली. मी तिला घराबाहेर काढलं होतं, रिआन. एमलिननं नाही, मी. त्यानं ते ऐकलं आणि तो माझ्यावर रागावूनच गेला. शेवटी माझ्या हातचं सूपसुद्धा घेतलं नाही त्यानं. मला वाटलं, निदान हिनं तरी खावं."

हेफिन म्हणाला, "आई, अगं..."

रिआनला राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही. "एमलिननं मला दोन वर्षं तराजूला हात लावू दिला नव्हता," ती म्हणाली. "दोन वर्षं मी नुसती विष्ठा साफ केली. आणि तुम्ही?" मग तिनं दुर्बीण उचलली, कड्याकडे लावली आणि खूप वेळ पाहत राहिली. तिचे खांदे हळूहळू खाली आले. "गळ्याखाली अन्नाची पोटली फुगलीय. इथून दिसतेय. मैदानात मी हात फिरवून पाहायला हवं होतं, मी घाईत होते." तिनं दुर्बीण ग्लेनिसच्या हातात दिली. "बघा."

ग्लेनिसला आधी नुसता दगड दिसला. मग ग्वेनो. पिसं फुलवून, एक पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून बसली होती.

"आजारी नाही," रिआन म्हणाली. "आता मला कळतंय काय करायचं ते. दोर नको, माणसं नकोत, वर कुणी गेलं तर उलट बिचकेल. उद्या सकाळपर्यंत ती कपारीतून हलणार नाही, त्या जोडीच्या नजरेतही येणार नाही. मग येईल."

"माझ्यामुळे तिनं पाठ फिरवली तुझ्याकडे."

"पाठ कुठे फिरवली?" रिआन जरा वैतागूनच म्हणाली. "राग नाहीये तिचा कुणावर, ग्लेनिस. भूक नाहीये, एवढंच."

ग्लेनिसनं दुर्बीण खाली घेतली नाही. डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

रिआनला बाकीचे पक्षी आत घ्यायचे होते, ती उतरली. ग्लेनिस मात्र दगडांच्या ढिगावर बसली. एमलिनचा एक नियम होता: ज्याच्या हातून पक्षी गेला, त्यानं त्याच्या नजरेत बसायचं, तो येईपर्यंत. एका नाताळात तो स्वतः ओकच्या झाडाखाली असा बसला होता, आणि टर्की थंड झाली म्हणून ग्लेनिस तीन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. ते तीन दिवस आता तिला परत हवे होते.

ग्वेनो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, उगाच जीव टांगणीला नको. गोळा दिसला आणि ती दगडासारखी खाली आली. रिआननं ग्लेनिसला हातमोजा दिला नाही, मागे उभं राहायला लावलं, आणि ते योग्यच झालं. बेतीला सगळं कळलं तेव्हा ती फक्त "अंडं म्हणे!" एवढंच म्हणाली आणि वर्षभर तेच म्हणत राहिली.

पण त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. सहा वाजले. वारा गार झाला. हेफिन गाडीकडे जाऊन परत चढून आला, धापा टाकत. काखेत बापाचा जुना कोट होता, हातात सँडविचचा डबा. कोट त्यानं आईच्या खांद्यांवर टाकला. मग तिच्यापुढे उकिडवा बसला, डबा उघडला आणि एक सँडविच तिच्या तोंडाजवळ धरलं.

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. खा."

ग्लेनिसची नजर कड्यावर होती. घास नाकाशी आला आणि तिनं नकळत तोंड फिरवलं.

"नको, हेफिन," ती म्हणाली.

आणि तिनं स्वतःचा आवाज ऐकला. तोच शब्द होता, तसाच हलका, दमलेला. तिनं झटकन वळून पोराकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. बापासारखाच चौकोनी चेहरा, आणि त्यावर ते दुखावलेपण, जे त्या दिवशी वाडगा आपटताना तिच्या तोंडावर असणार. एमलिननं ते पाहिलं असेल का? पाहिलं असेल, आणि तिला समजवायचं त्याच्या मनात आलंही असेल. पण एक शब्द बोलला की दुसऱ्यासाठी श्वास गोळा करावा लागत होता त्याला, आणि तोवर ती वाडगा घेऊन निघून गेली होती.

ग्लेनिसकडे श्वास होता. तिनं हेफिनचा हात सँडविचसकट आपल्या दोन्ही हातांत धरला.

"रागावले नाहीये रे, बाळा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. "भूक नाहीये, एवढंच."

"बरं, आई," हेफिन म्हणाला. त्यानं सँडविच डब्यात ठेवलं, झाकण लावलं, आणि ग्वेनोला दिसेल असा आईच्या शेजारी दगडावर बसला.